शाळेतला झाडू कुणाच्या हाती?

भाद्रपद सरत आला की प्राथमिक शाळांमधून उपक्रमांचा हंगाम सुरू होतो. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती, मग घटस्थापना, भोंडला, दसऱ्याचे पाटीपूजन, २ ऑक्टोबरची स्वच्छता, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, सत्र परीक्षा, आकाशकंदील आणि दिवाळीची सुट्टी. सुट्टी संपली की बालदिन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. पाऊस ओसरलेला असतो, मैदान वाळलेले असते, पोरे उत्साहात असतात. गुरुजींना मात्र प्रत्येक उपक्रमाचा फोटो वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असतो आणि अहवाल लिहायचा असतो. अहवालाचे शेवटचे वाक्य ठरलेले. या उपक्रमातून विद्यार्थ्यांमध्ये अमुक मूल्य रुजले! शेतात हरभरा उगवायलाही आठवडा लागतो. आमच्या शाळांतून मात्र मूल्य दुपारच्या सुट्टीआधी रुजते.

उपक्रमांना आमचा विरोध नाही. एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या, निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण अशी सगळी ओझी वाहणाऱ्या शिक्षकांची चेष्टा करण्याचाही आमचा हेतू नाही. ज्यांची ऐपत होती त्यांनी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांकडे केव्हाच पाठ फिरवली. त्या शाळांच्या बाकांवर आता बसलेली आहेत ती बहुतांशी आमची लेकरे. बौद्धांची, मातंगांची, चर्मकारांची, भटक्या-विमुक्तांची, आदिवासींची, मुसलमानांची आणि कोरडवाहू कुणब्याची. म्हणून या तीन महिन्यांत शाळेत जे काही 'संस्कार' म्हणून चालते त्याची झाडाझडती घेणे हे चळवळीचे काम आहे. फी भरून शिकवणाऱ्यांचे पालक मेळावे होतात, त्यांना प्रश्न विचारता येतात. आमच्या मायबापांनी विचारायचे कुणाला?

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेत गेलेल्या कोणालाही भिंतीवरचा तो तक्ता आठवेल. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. अशी दहा मूल्ये. यादी वाईट नाही. पण ती पुन्हा एकदा वाचा. जात हा शब्द त्यात कुठे आहे? ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरते, त्या समाजाच्या मूल्यशिक्षणात जातिनिर्मूलन नावाचे अकरावे मूल्य कुणाला सुचले नाही. वेळेवर या, नखे कापा, मोठ्यांना नमस्कार करा. एवढे झाले की मूल चारित्र्यवान झाले असे समजायचे!

हा केवळ विसर आहे असे मानायला आमचे मन तयार नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला, तेव्हा मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला श्लोक छापलेला निघाला. गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचाही उल्लेख त्यात होता. महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही असा खुलासा शिक्षणमंत्र्यांना करावा लागला. तेव्हा काही सभ्य मंडळी आम्हाला समजावीत होती की, अहो, तो श्लोक साधा आहे, वडीलधाऱ्यांचा मान राखा एवढेच तर सांगतो. साधा आहे ना? मग तो सांगायला हाच ग्रंथ का लागला? ज्या ग्रंथाने शूद्रांना आणि स्त्रियांना विद्येच्या दारापासून हाकलले, ज्याची होळी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला केली, त्याच ग्रंथाकडे शाळेतल्या लेकरांच्या चारित्र्याचा दाखला मागायला जायचे! मोठ्यांचा मान राखणे आमच्या आया-बायांना मनूने शिकवले नाही.

चारित्र्याचे शिक्षण हे मनुवाद्यांचे राखीव कुरण आहे असा समज आपल्याही काही कार्यकर्त्यांमध्ये दिसतो. 'संस्कार' म्हटले की ते नाक मुरडतात. हा समज सोडून दिला पाहिजे. बाबासाहेबांनी १९५४ साली ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या भाषणात आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. आणि तीन उपास्य दैवते सांगितली, विद्या, स्वाभिमान आणि शील. विद्येच्या शेजारी शील बसवले आणि दोघांच्या मध्ये स्वाभिमान ठेवला. स्वाभिमान काढून घेतला की शीलाचा अर्थ 'निमूटपणे सांगितलेले ऐकणारा' एवढाच उरतो. भिंतीवरच्या दहा मूल्यांत स्वाभिमानही नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक तारीख याच हंगामातली आहे, जी कोणत्याही शाळेच्या फलकावर दिनविशेष म्हणून लिहिली जात नाही. १९ ऑक्टोबर १८८२. त्या दिवशी महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्याहून हंटर आयोगाला आपले निवेदन दिले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी त्यात आहे. ज्या गावच्या शाळेत आज पोरे बसतात त्या शाळेचा जन्मदाखलाच म्हणा ना. पण त्या निवेदनात शिक्षक कसा असावा तेही सांगितले आहे. शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याने लाजू नये, आणि खालच्या मानलेल्या लोकांत त्याला सहज मिसळता यावे. अभ्यासक्रमात वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्याबरोबर नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडेही त्यांनी मागितले. म्हणजे चारित्र्याचे शिक्षण जोतीरावांनीच मागितले होते. मात्र त्याची सुरुवात त्यांनी मुलांपासून केली नाही, गुरुजींच्या हातापासून केली. त्या हाताला कामाची लाज वाटते की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न.

आता नवरात्राकडे येऊ. आश्विन लागला की शाळेत सरस्वतीची तसबीर टेबलावर येते. पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढली जाते, फुले वाहिली जातात, पोरांना हात जोडायला लावले जाते. संविधानाचे अनुच्छेद २८ सांगते की पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षण संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा कुणाच्या पैशातून चालते? उत्तर सोपे आहे. पण हा प्रश्न विचारला की आपल्याला भांडखोर ठरवले जाते. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१३ साली न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली आणि अशी सक्ती करता येत नाही असे ठरवले. मोठ्या, कमावत्या माणसाला एवढे झगडावे लागले, तर पहिलीतल्या पोराने काय करावे?

सरस्वतीच्या तसबिरीच्या जागी सावित्रीमाईंची तसबीर ठेवून, तिलाच कुंकू वाहून, तिच्याचपुढे नारळ फोडून भागणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. काही शाळांतले आपलेच शिक्षक तसे करतात. हेतू चांगला असेल. पण जिने शेण-दगडांचा मारा सोसून शिकवले, तिला पूजेत बसवून मोकळे होणे ही तिची विटंबना आहे. त्यापेक्षा पाटीपूजनाच्या दिवशी सगळ्या पोरांना कोऱ्या पाटीवर आपल्या आजीचे नाव लिहायला सांगावे आणि ती शाळेत का गेली नाही ते घरून विचारून यायला सांगावे. असा वर्ग एकदा घेऊन पाहा.

भोंडल्याच्या बाबतीत आमचे मत जरा वेगळे आहे. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. हे मूळ बायाबापड्यांचे खेळणे आहे. सासुरवाशिणीचे दुःख त्या गाण्यांतून वाहते. याला ब्राह्मणी म्हणून झिडकारण्याची घाई करू नये. फक्त फेर धरणाऱ्या मुली आणि कट्ट्यावर बसून हसणारी मुले अशी विभागणी मोडावी, आणि फेर संपल्यावर बाईंनी विचारावे की गाण्यातली सून माहेरी जायला परवानगी का मागते? कुणाकुणाला विचारते? तक्त्यावरच्या 'स्त्री-पुरुष समानता' या मूल्याला यापेक्षा चांगला पाठ मिळणार नाही. खिरापतीचे डबे कुणाच्या घरून येतात, आणि कुणाच्या घरचा डबा न उघडता तसाच परत जातो, याकडेही बाईंनी लक्ष ठेवावे.

विजयादशमीला आपण दीक्षाभूमीच्या वाटेवर असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमी होती, म्हणून बाबासाहेबांनी तो दिवस निवडला. शाळेत मात्र त्या आठवड्यात रावण, आपट्याची पाने आणि 'सोने घ्या सोन्यासारखे राहा' एवढेच असते. आपट्याची झाडे ओरबाडली जातात आणि पुढच्याच सोमवारी त्याच शाळेत वृक्षसंवर्धनाची प्रतिज्ञा होते! आपले काही शिक्षकबांधव विचारतात की, अशोक विजयादशमीला लहान मुलांना सांगायचे तरी काय? त्यांना आम्ही राहुलाची गोष्ट सुचवतो. मज्झिम निकायात ती आहे. राहुल लहान होता, परंपरा त्याचे वय सात वर्षे सांगते, म्हणजे आपल्या दुसरीतल्या पोराएवढा. तथागतांनी पाय धुतले, भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलाला ते दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेच, या उरलेल्या पाण्याएवढे. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलटून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तेच समजावले. नंतर विचारले की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसे प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर न्याहाळून पाहा, त्याने आपल्याला किंवा दुसऱ्याला दुःख होते का. बस्स. देवाची भीती नाही, नरकाची धमकी नाही, छडी नाही. एक भांडे, थोडे पाणी आणि एक प्रश्न. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी बुद्धवचने ऐकावीत आणि मनन करावीत म्हणून सांगितली, त्यांत राहुलाला केलेला हा खोटे बोलण्याविषयीचा उपदेशही आहे. अशोकाच्या विजयादशमीला याहून योग्य पाठ कोणता?

आणि आता मूळ मुद्दा. २ ऑक्टोबर. २०१४ पासून हा दिवस झाडूचा दिवस झाला आहे. त्या दिवशी सरपंच झाडू घेतात, केंद्रप्रमुख झाडू घेतात, शाळा समितीचे अध्यक्ष नव्या कोऱ्या झाडूने आधीच झाडलेले अंगण पुन्हा झाडतात. फोटो निघतो, श्रमप्रतिष्ठा रुजते. आमचा प्रश्न ३ ऑक्टोबरचा आहे. ३ ऑक्टोबरला सकाळी तोच झाडू कुणाच्या हातात असतो?

बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नाही. वर्ग झाडणे, अंगणात सडा टाकणे, पिण्याच्या पाण्याची टाकी भरणे, स्वच्छतागृहात बादली ओतणे ही कामे रोज कुणीतरी करतेच. कोण करते? वर्ग झाडायला मुली. टाकी भरायला 'घरच्या वळणाची' मुले. आणि स्वच्छतागृहाकडे बादली घेऊन कोणत्या वस्तीतल्या पोराला पाठवले जाते, ते त्या वस्तीत जाऊन विचारा. पोर सांगेल. कुणी त्याला जातीवरून हाक मारीत नाही, कुणी शिवी देत नाही. 'तू चांगलं करतोस रे' असे म्हणून बादली हातात दिली जाते. शाबासकीच्या रूपाने जात हातात ठेवण्याची ही रीत शिवीपेक्षा जास्त खोल जाते, कारण पोर ती हसत हसत घेते.

याच्याशी बाबासाहेबांची आठवण ताडून पाहा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी शाळेतले अनुभव लिहून ठेवले आहेत. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की पाणी नाही. म्हणजे शाळेत जात शिकवणारा पाठ पुस्तकात नव्हता. गोणपाटात होता, नळात होता, झाडूत होता. तो पाठ पुसायचा असेल तर तिथेच पुसावा लागेल. भाषणाने तो पुसला जात नाही.

आता काळ बदलला, असे म्हणणाऱ्यांना आम्ही डिसेंबर २०२१ ची उत्तराखंडातली घटना आठवायला सांगतो. चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांग येथील सरकारी शाळेत पोषण आहार शिजवायला अनुसूचित जातीच्या बाई नेमल्या गेल्या, आणि सवर्ण मुलांनी त्यांच्या हातचे खायला नकार दिला. बाईंना काढले गेले. मग दलित मुलांनीही सवर्ण बाईंच्या हातचे जेवायला नकार दिला. देशभर गाजावाजा झाल्यावर त्या बाईंना पुन्हा कामावर घेतले गेले. सारे भारतीय आपले बांधव आहेत, अशी प्रतिज्ञा परिपाठाला म्हणणारी आणि पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली वाचणारी मुले ती. दलित मुलांच्या त्या उलट नकाराबद्दल बऱ्याच विद्वानांनी गळा काढला. आम्हाला मात्र त्यात स्वाभिमान दिसतो. ती पोरे आधी सगळ्यांच्या पंक्तीला बसायला तयार होती, पंक्त दुसऱ्यांनी मोडली होती.

पंक्त जोडता येते, हे याच महाराष्ट्रात करून दाखवले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह उघडले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळ्यांची पोरे एका छपराखाली. पोरांनीच पाणी आणायचे, पोरांनीच भाकरी भाजायची, पोरांनीच झाडायचे, आणि शिजले ते सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचे. पदरचे पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या वसतिगृहात श्रमप्रतिष्ठेचा तक्ता नव्हता. कामाची पाळी होती, आणि पाळी जात बघून लागत नव्हती. आज २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या फोटोला हार घालणाऱ्या किती शाळांत अशी पाळी लावलेली आहे?

आमचे म्हणणे एवढेच आहे की शाळेतल्या सगळ्या कामांची एक यादी करावी. झाडणे, सडा, टाकी, बादली, फळा पुसणे, घंटा वाजवणे, खिचडी वाढणे, पाहुण्यांना पाणी देणे, परिपाठाला पुढे उभे राहून म्हणणे. वर्गातल्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा. मुलगे, मुली, सरपंचाचा नातू आणि गुरुजी स्वतः, सगळे त्यात. आज ज्याने बादली उचलली त्याने उद्या घंटा वाजवावी. तो तक्ता भिंतीवर लावावा, दहा मूल्यांच्या शेजारी. याला अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही. फक्त खिचडी वाढण्याची आणि पाहुण्यांना पाणी देण्याची पाळी सगळ्यांवर येते का, यावर डोळा ठेवावा लागेल. कारण बादलीच्या पाळीला कुणी हरकत घेतली तर ती उघड घेतली जाते. पाण्याच्या पाळीला हरकत घेणारे 'आज राहू दे' एवढेच म्हणतात.

सत्र परीक्षेनंतर चारित्र्याची आणखी एक नोंद होते, तीही पालकांनी वाचली पाहिजे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी आल्या. 'नीटनेटका राहतो', 'गृहपाठ वेळेवर करतो', 'इतरांशी मिळून वागतो', 'अस्वच्छ राहतो', 'वारंवार गैरहजर राहतो'. बाजारात अशा तयार वाक्यांच्या पुस्तिका मिळतात, त्यातून उतरवून काढल्या की काम झाले. ज्या वस्तीत चार दिवसांनी टँकर येतो तिथल्या पोरीच्या प्रगतिपत्रकात 'नीटनेटकेपणा वाढवावा' असे लिहिणे म्हणजे पाणीपुरवठ्याचा दोष तिच्या चारित्र्यात लिहिणे आहे. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने, २००९ च्या, शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. शाईने केलेला छळ त्यात धरायचा की नाही, हे वकिलांनी सांगावे.

'वारंवार गैरहजर' या नोंदीबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. दसरा झाला की बीड, जालना, परभणीकडच्या गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. सोबत बिऱ्हाड, शेळी, म्हातारी आणि पोरे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि या पोरांची शाळा बंद होते. यात आपले लोक किती आहेत ते कोणत्याही फडावर गेले की दिसते. शाळेत सगळे आकाशकंदील करीत असतात तेव्हा त्यांच्यातली दहा वर्षांची पोरगी पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळीत असते. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येईल. कागदावर सगळे आहे. पण वसतिगृह टोळी निघण्याच्या आधी सुरू झाले तरच मूल मागे राहील. टोळी गेल्यावर सुरू झालेल्या वसतिगृहात ठेवायचे कुणाला? हमी कार्डही सुट्टी लागण्याआधी पोराच्या हातात पडले पाहिजे. या पोरांना मार्चमध्ये परत आल्यावर 'माझी दिवाळी' हा निबंध लिहायला सांगतात, आणि नाही लिहिला की नोंद होते. गृहपाठ अपूर्ण. आम्ही म्हणतो, त्या पोरीला लिहू द्या तिने पाहिलेली दिवाळी. पहाटे दोनला गाडी भरायला उठलेली आई, थंडीने ओला झालेला ऊस, अंगावरची कुसळे. आणि तो निबंध परिपाठाला सगळ्यांसमोर वाचू द्या. संवेदनशीलता नावाचे मूल्य मग रुजते की नाही ते पाहू.

आता ७ नोव्हेंबर. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. चळवळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली तेव्हा २०१७ साली राज्य शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. जाहीर तर झाला, पण कॅलेंडर उघडून पाहा. बहुतेक वर्षी ही तारीख दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या अगदी कडेला सापडते. २०१८ साली तर ७ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होते. शाळेला कुलूप आणि विद्यार्थी दिवस साजरा! म्हणून जेथे सुट्टी आड येते तेथे सुट्टी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवशी किंवा शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी कार्यक्रम घेण्याचा आग्रह धरला पाहिजे.

आणि त्या दिवशी भाषणे कोणती होतात तेही ऐकायला जावे. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. दिव्याखाली वाचीत. प्रेमळ गुरुजींनी आपली भाजी-भाकरी दिली. तुम्हीही असाच अभ्यास करा. गोणपाट नाही, नळ नाही, शिपाई नाही! बाबासाहेबांच्या गोष्टीतून जात वजा केली की उरतो एक मेहनती विद्यार्थी, आणि मग वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू येते ते एवढेच की तू मागे पडलास कारण तुझी मेहनत कमी पडली. हे चारित्र्याचे शिक्षण नव्हे, ही फसवणूक आहे. आठ वर्षांच्या मुलाला गोणपाटाची गोष्ट कळते. तहान सगळ्यांना लागते, त्यामुळे नळाची तर पहिलीतल्यालाही कळते. फक्त ती सांगताना मागच्या बाकाकडे बघून सांगू नये.

समाजबांधवांनी यात काय करायचे? मोर्चा काढायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या कितीतरी आया-बहिणींची नावे या समित्यांवर आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाही. सही घ्यायला पोर घरी येते, 'बाईंनी सही मागितलीय' म्हणते, आणि सही होते. बैठकीचे इतिवृत्त आधीच लिहिलेले असते. विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते, गर्दीही चांगली असते. त्यातले एक-दोन रविवार या कामाला द्यावेत. समितीत आपल्यापैकी कोण आहे ते शोधावे. इतिवृत्ताची वही मागून वाचावी, वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला सोबत न्यावे.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या बैठकीत तीन ठराव मांडता येतील. कामाच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावण्याचा एक. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे हमी कार्ड आणि वसतिगृहाची मागणी टोळी निघण्यापूर्वी पाठवण्याचा दुसरा. विद्यार्थी दिवसाचा कार्यक्रम शाळा भरलेल्या दिवशी घेण्याचा तिसरा. ठराव तोंडी मांडला तर तो वहीत येत नाही, म्हणून साध्या कागदावर लिहून न्यावा, दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर मुख्याध्यापकांची पोच घ्यावी. बैठकीची तारीख आताच विचारून ठेवावी, कारण सुट्टी जवळ आली की ती अचानक ठरते आणि निरोप वस्तीपर्यंत पोचत नाही.